एकाच नावाचे दोन क्लास: १९९८ चा एक पेपर आणि आमच्या लॅबचा टॉमकॅट

पीएचडी प्रवेशाची तयारी करणारे बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात. ‘पेपरचं क्रिटिकल रीडिंग करा असं सगळे सांगतात, पण म्हणजे नक्की करायचं काय? चुका काढायच्या का?’ आज याचं उत्तर एका उदाहरणातून द्यायचा प्रयत्न करते.

पेपर जुना आहे. शेंग लियांग आणि गिलाड ब्राखा यांचा ‘डायनॅमिक क्लास लोडिंग इन द जावा व्हर्च्युअल मशीन’, १९९८ च्या ऊप्सला परिषदेतला. दोघंही तेव्हा सन मायक्रोसिस्टिम्समध्ये होते. मी तो पहिल्यांदा कोर्सवर्कमध्ये वाचला, दोन पानी सारांश लिहिला, मार्क मिळाले आणि विसरून गेले. दुसऱ्यांदा वाचला तो आमच्या लॅबचा सर्व्हर गडबडल्यावर. तेव्हा कळलं की पहिल्या वेळी मी फक्त शब्द वाचले होते. आणि हेही कळलं की हा पेपर जिथे थांबतो, नेमका तिथूनच आमचा खरा घोटाळा सुरू होत होता.

आधी घोटाळा सांगते

लॅबमध्ये एक मशीन, त्यावर एक टॉमकॅट, आणि त्यात तीन वेब ॲप्स. पहिलं अ‍ॅनोटेशनचं, ज्यात मुलं वाक्यांवर खुणा करतात. दुसरं कॉर्पसमध्ये शोधायचं. तिसरं मूल्यमापनाचं, जे आकडे काढून तक्ते बनवतं. तिघांनाही काही सेटिंग्ज सारख्याच लागतात: डेटाबेस कुठला, कॉर्पस कुठला, निकाल कुठल्या फोल्डरमध्ये टाकायचे. एका सीनियरने त्यासाठी ‘सेटिंग्ज’ नावाचा एक क्लास लिहून ठेवला होता. सगळी फील्ड्स स्टॅटिक. प्रत्येक ॲप सुरू होताना आपली फाइल वाचून त्यात किमती भरायचं. या क्लासचा जार तिन्ही ॲप्सच्या ‘वेब-इन्फ/लिब’मध्ये एकेक होता.

त्रास एवढाच होता की क्लासमध्ये काही बदललं की तीन ठिकाणी जार बदलावा लागे. म्हणून कोणीतरी सुचवलं, ‘अगं, टॉमकॅटच्या स्वतःच्या लिब फोल्डरमध्ये टाक ना, सगळ्यांना एकच मिळेल.’ मी टाकला. पुढचे चार दिवस एरर्सशी मारामारी केली. पाचव्या दिवशी एरर्स थांबल्या. मी खूश.

तीन आठवड्यांनी मॅडमनी पेपरच्या मसुद्यातल्या एका तक्त्यावर बोट ठेवलं. ‘हे आकडे कुठल्या कॉर्पसवरचे आहेत?’ मी म्हटलं, मुख्य. मग डेटाबेस उघडून बघितला, तर तीन आठवड्यांच्या खुणांमधल्या बऱ्याच चाचणी कॉर्पसमध्ये जाऊन बसलेल्या. कुठल्या दिवशी कुठल्या गेल्या, तेही लॉगवरून नीट सांगता येईना. तो तक्ता काढून टाकावा लागला, आणि मुलांनी मेहनतीने केलेल्या खुणा पुन्हा करून घ्याव्या लागल्या. त्यांना ते सांगताना मला जे वाटलं ते इथे लिहीत नाही.

या सगळ्यात एकही एरर आली नव्हती. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

पेपर काय म्हणतो

पेपरचं मूळ म्हणणं एका ओळीत सांगता येतं: जावाच्या मशीनसाठी क्लासची ओळख नुसत्या नावाने ठरत नाही, नाव आणि तो क्लास ज्या लोडरने घडवला तो लोडर, अशा जोडीने ठरते. या लोडरला पेपर ‘डिफायनिंग लोडर’ म्हणतो. ज्याच्याकडे पहिल्यांदा मागणी गेली तो ‘इनिशिएटिंग लोडर’. मागणी एकाकडे जाऊ शकते, आणि तो ती दुसऱ्याकडे सोपवू शकतो. एकाच गावात एकाच नावाची दोन माणसं असली की आपण ‘कुणाचा?’ विचारतो, तसंच. मशीन नेहमी ‘कुणाचा?’ विचारतं. आपण विचारत नाही, म्हणून फसतो.

ही जोडी आली कुठून? १९९७ मध्ये विजय सारस्वत यांनी दाखवून दिलं होतं की त्या वेळच्या जावामध्ये एक भोक आहे. दोन लोडर्सनी एकाच नावाचे वेगवेगळे क्लास दिले, तर मशीनची गल्लत करून टाइपची शिस्त मोडता येत होती. लियांग आणि ब्राखा यांनी त्यावर उपाय दिला तो ‘लोडिंग कन्स्ट्रेंट्स’चा. एका लोडरचा क्लास दुसऱ्या लोडरच्या क्लासची मेथड वापरतो, तेव्हा त्या मेथडच्या सहीत जे जे टाइप येतात ते दोन्ही लोडर्सच्या मते एकच असले पाहिजेत. नसतील तर मशीन तिथेच थांबतं. क्लास आळशीपणे, म्हणजे लागतील तेव्हाच लोड करण्याची सोय न गमावता त्यांनी हे साधलं. सगळं आधीच लोड करून तपासणं सोपं होतं, पण मग डायनॅमिक लोडिंगचा अर्थच उरला नसता. हा पेपरचा सगळ्यात मोठा गुण.

दुसरा गुण त्यांच्या उदाहरणात आहे. चालू सर्व्हर बंद न करता त्यातली सेवा बदलायची असेल तर काय करावं, हे ते एका छोट्या कोडने दाखवतात. त्यात सेवेचं फील्ड ‘ऑब्जेक्ट’ टाइपचं ठेवलेलं आहे आणि मेथड रिफ्लेक्शनने बोलावली आहे. पहिल्या वाचनात मला तो निव्वळ गबाळेपणा वाटला होता. दुसऱ्यांदा कळलं की सगळी मेख तिथेच आहे. फील्डला ‘सेवा’ हा टाइप दिला असता, तर ते नाव सर्व्हरच्या स्वतःच्या लोडरने सोडवलं असतं, आणि नव्या लोडरने आणलेली ‘सेवा’ त्यात बसलीच नसती.

आमच्या तीन एरर्स, पेपरच्या भाषेत

आता चार दिवसांच्या मारामारीकडे येऊ. त्याआधी टॉमकॅटची रचना थोडक्यात. वर जावाचे स्वतःचे लोडर, त्याखाली टॉमकॅट सुरू होताना लागणारा सिस्टीम लोडर, त्याखाली सगळ्यांचा ‘कॉमन’ लोडर, जो टॉमकॅटचं लिब फोल्डर वाचतो, आणि सगळ्यात खाली प्रत्येक वेब ॲपचा आपापला लोडर. जावात साधारण रीत अशी की आधी वरच्याला विचारायचं. वेब ॲपचा लोडर ही रीत उलटी करतो. जावाचे मूळ क्लास आणि सर्व्हलेटसारखे काही ठरावीक एपीआय सोडले, तर तो आधी स्वतःच्या ‘वेब-इन्फ’मध्ये बघतो आणि तिथे नसेल तरच वर जातो. सर्व्हलेट स्पेसिफिकेशनची शिफारसही हीच आहे, कारण प्रत्येक ॲपला आपल्या लायब्ररीची आपली आवृत्ती वापरता यायला हवी.

पहिली एरर: ‘नो क्लास डेफ फाउंड’. आमचा सेटिंग्जचा क्लास तारखा वाचायला एक छोटी लायब्ररी वापरायचा. ती ॲपच्या ‘वेब-इन्फ/लिब’मध्ये होती. सेटिंग्जचा जार वर गेल्यावर त्याचा डिफायनिंग लोडर झाला कॉमन, आणि त्या क्लासला लागणारं प्रत्येक नाव आता कॉमनकडे मागितलं जाणार. कॉमन वर बघू शकतो, खाली नाही. जार फोल्डरमध्ये डोळ्यांना दिसत होता, पण त्याला दिसत नव्हता.

दुसरी एरर: ‘क्लास कास्ट’. संदेश वाचून हसू आलं होतं, ‘सेटिंग्जला सेटिंग्जमध्ये कास्ट करता येत नाही’. झालं होतं असं. दोन ॲप्समधून मी जुना जार काढला, पण तिसऱ्याच्या मेव्हन फाइलमध्ये त्याचा स्कोप ‘प्रोव्हायडेड’ करायला विसरले. त्यामुळे प्रत्येक बिल्डला तो गुपचूप परत ‘वेब-इन्फ/लिब’मध्ये यायचा. तिन्ही ॲप्सना वस्तू ठेवता याव्यात म्हणून मी लिब फोल्डरमध्ये ‘नोंदवही’ नावाचा आणखी एक जार टाकला होता. तिसऱ्या ॲपने त्यातून सेटिंग्ज उचलल्या त्या कॉमनच्या, आणि कास्ट केल्या त्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये. नाव एक, जोड्या दोन.

तिसरी एरर: ‘लिंकेज एरर’. कास्ट नको म्हणून मी नोंदवहीत थेट सेटिंग्ज टाइप घेणारी मेथड लिहिली. आता संदेश आला ‘लोडर कन्स्ट्रेंट व्हायोलेशन’. १९९८ च्या पेपरमधली संज्ञा माझ्या स्क्रीनवर, आणि मी ती सर्च इंजिनमध्ये टाकून भलतेच उपाय शोधत बसले! दुसऱ्या आणि तिसऱ्या एररचं कारण अगदी एकच आहे. वस्तू ‘ऑब्जेक्ट’ म्हणून सीमा ओलांडते तेव्हा गल्लत कास्टच्या वेळी उघडी पडते. मेथडच्या सहीतून ओलांडते तेव्हा ती जोडणीच्या वेळीच पकडली जाते. हे पेपर वाचलेल्या माणसाला पाच मिनिटांत कळायला हवं. मी तो वाचलेला होता.

निदानासाठी जे खरंच उपयोगी पडलं तेही सांगते, म्हणजे तुमचे चार दिवस वाचतील. जार इकडून तिकडे हलवण्याआधी त्या क्लासलाच विचारा. क्लासवर ‘गेट क्लास लोडर’ बोलावलं की त्याचा लोडर कळतो, आणि ‘प्रोटेक्शन डोमेन’मधून ‘कोड सोर्स’ घेतला की तो कुठल्या जारमधून आला ते कळतं. या दोन ओळी तिन्ही ॲप्समध्ये छापा आणि शेजारी शेजारी ठेवा. जावा ११ पासून तर कास्टच्या एररमध्येच दोन्ही क्लासचे लोडर लिहिलेले असतात, फक्त ती लांब ओळ शेवटपर्यंत वाचायची. मी अर्धीच वाचत होते. आणि ‘नो सच मेथड’ ही एरर दिसली तर क्लास सापडला आहे, पण बहुधा जुनी प्रत आधी सापडली आहे, असं समजा.

आता टीका

पहिली टीका पेपरवर. त्याचा सगळा भर टाइप-सुरक्षिततेवर आहे, आणि तो प्रश्न तो उत्तम सोडवतो. पण क्लास म्हणजे केवळ टाइप नाही. त्याच्यासोबत स्टॅटिक फील्ड्स येतात, म्हणजे स्थिती येते. नाव आणि लोडर या जोडीने ओळख ठरते असं म्हटलं, की त्याच क्षणी हेही ठरतं: जोडी एक असेल तर स्टॅटिक फील्डही एकच, जोड्या तीन असतील तर तीन. पेपरच्या व्याख्येतून हे सरळ निघतं. पण धोका म्हणून ते पुढे येत नाही, कारण त्यात टाइपची शिस्त कुठेच मोडत नाही.

आमचा खरा घोटाळा नेमका हाच होता. सगळे जुने जार काढल्यावर तिन्ही ॲप्सना एकच सेटिंग्ज क्लास मिळाला. टाइप जुळले, एरर्स गेल्या. पण प्रत्येक ॲप सुरू होताना आपली फाइल वाचून त्याच स्टॅटिक फील्डमध्ये किंमत भरत होतं. मूल्यमापनाच्या ॲपची फाइल चाचणी कॉर्पसकडे बोट दाखवायची, आणि ते ॲप मी दिवसातून तीनतीनदा रीलोड करायचे. प्रत्येक रीलोडला अ‍ॅनोटेशनच्या चालू ॲपच्या पायाखालचा कॉर्पस बदलत होता. मशीनच्या दृष्टीने काहीही चुकलं नव्हतं. सगळे कन्स्ट्रेंट्स पाळले गेले होते.

म्हणजे ज्याला मी ‘दुरुस्ती’ समजत होते, तिनेच घोटाळा आणला. एररवाली अवस्था उलट सुरक्षित होती, निदान ॲप बंद तरी पडत होतं.

कोणी म्हणेल की हा पेपरवर अन्याय आहे, लेखकांनी हा प्रश्न घेतलाच नव्हता. बरोबर आहे. त्यांच्या सिद्धतेत मी चूक काढत नाही. पण त्यांनी लोडर्सच्या उपयोगासाठी सर्व्हरचं उदाहरण दिलं आहे, आणि सर्व्हरमध्ये दोन भाडेकरू एकाच छताखाली राहतात तेव्हा ‘टाइप जुळतो का’ याच्याइतकाच ‘ही किंमत कोणाची’ हा प्रश्न महत्त्वाचा असतो. पेपरने ओळखीला व्याख्या दिली, मालकीला दिली नाही. त्या रिकाम्या जागेत आपण सगळे स्टॅटिक फील्ड्स टाकून मोकळे झालो.

दुसरी टीका टॉमकॅटच्या लोडरबद्दलच्या अधिकृत पानावर. आधी श्रेय: ते पान शोधण्याचा क्रम स्वच्छ सांगतं, आणि ॲपचे क्लास सर्वसाधारणपणे कॉमनमध्ये टाकू नयेत असा स्पष्ट इशाराही देतं. मी तो वाचून पुढे गेले, हा दोष माझा. पण पानाची मांडणी ‘कुठला लोडर कुठे बघतो’ अशी आहे. त्यामुळे वाचणारा जागा शिकतो, परिणाम शिकत नाही. कॉमनमधले क्लास सर्व ॲप्सना ‘दिसतात’ असं वाचलं की मनात चित्र येतं ग्रंथालयाचं: पुस्तक एक, वाचणारे अनेक. प्रत्यक्षात स्टॅटिक फील्ड असलेला क्लास म्हणजे सामायिक फळा आहे. कोणीही पुसून लिहू शकतं. ‘टाकू नका’ याच्यापुढे ‘कारण टाकलात तर स्थितीही वाटली जाईल’ एवढं एक वाक्य असतं, तर कदाचित मी थांबले असते.

यात आवृत्त्यांचा गोंधळही भर घालतो. टॉमकॅट ५.५ पर्यंत ‘कॉमन’, ‘सर्व्हर’ आणि ‘शेअर्ड’ अशी वेगळी फोल्डर्स होती. ६ पासून नेहमीच्या मांडणीत एकच लिब उरलं. ‘शेअर्ड लोडर’ची ओळ ‘कॅटालिना डॉट प्रॉपर्टीज’मध्ये अजून आहे, पण रिकामी. जुने सल्ले मात्र ‘शेअर्डमध्ये टाका’ असंच सांगत राहतात. कुठलाही सल्ला वाचताना तो कुठल्या आवृत्तीसाठी लिहिला आहे ते आधी बघा.

मग आम्ही काय केलं

सेटिंग्जचा क्लास परत तिन्ही ॲप्सच्या ‘वेब-इन्फ/लिब’मध्ये गेला. तीन प्रती, तीन लोडर, तीन स्थिती. नोंदवही काढून टाकली. जे खरोखर सगळ्यांचं आहे, म्हणजे डेटाबेसचं कनेक्शन आणि निकालांचं फोल्डर, ते टॉमकॅटच्या ‘सर्व्हर डॉट एक्सएमएल’मध्ये ‘ग्लोबल नेमिंग रिसोर्सेस’खाली ठेवलं, आणि ज्या ॲपला ते हवं त्याच्या कॉन्टेक्स्ट फाइलमध्ये ‘रिसोर्स लिंक’ दिली. कॉर्पसचं नाव प्रत्येक ॲपच्या स्वतःच्या कॉन्टेक्स्ट फाइलमध्ये.

हे का चालतं, तेही पेपरच्या भाषेत सांगता येतं. सीमेवरून आता फक्त जावाचे स्वतःचे टाइप जातात: स्ट्रिंग, डेटा सोर्स. ते सगळ्यांना वरच्याच लोडरकडून मिळतात, त्यामुळे ओळखीचा वाद संभवत नाही. आमचा घरचा क्लास सीमा ओलांडतच नाही. डेटाबेसचा ड्रायव्हर मात्र लिबमध्ये ठेवावा लागला, कारण कनेक्शनचा पूल टॉमकॅट स्वतः बनवतो आणि त्याला खालचं दिसत नाही. पहिल्या एररचाच नियम, यावेळी आपल्या बाजूने.

आणि काय वाटून घेतलं आहे ते आता लिहिलेलं असतं. कॉन्टेक्स्ट फाइल उघडली की दिसतं. पूर्वी ते जार कुठल्या फोल्डरमध्ये पडलाय यावर अवलंबून होतं, म्हणजे कोणाच्याच डोळ्यांसमोर नव्हतं. शिवाय प्रत्येक खुणेच्या नोंदीत आता कॉर्पसचं नाव जातं. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. टॉमकॅट असो वा नसो, आकडा कुठून आला हे आकड्यासोबतच राहिलं पाहिजे.

तुमच्यासाठी

तर क्रिटिकल रीडिंग म्हणजे काय? माझ्यापुरतं उत्तर असं. पेपरमधली मध्यवर्ती व्याख्या उचला, ती तुमच्या स्वतःच्या एखाद्या बिघाडावर लावून बघा. ती काय काय समजावते ते लिहा, अगदी एररच्या नावांसकट. मग विचारा, या व्याख्येप्रमाणे सगळं बरोबर असूनही काय चुकू शकतं? लियांग-ब्राखांच्या बाबतीत या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या तक्त्यात तीन आठवडे पडून होतं.

मुलाखतीत कोणी ‘या पेपरची मर्यादा सांगा’ म्हटलं तर ‘प्रयोग कमी आहेत’ असं ठोकळेबाज उत्तर देऊ नका. असं काही सांगा जे तुमचं तुम्हाला सापडलंय. पॅनेलला फरक लगेच कळतो.

मुलांनी त्या खुणा पुन्हा केल्या. दुसऱ्या वेळी मी त्यांच्यासोबत बसले, आणि रोज संध्याकाळी घरी जाण्याआधी डेटाबेस उघडून खुणा कुठल्या कॉर्पसमध्ये गेल्या ते बघत होते. अजूनही बघते.